उतारावरची हाक

माझं माहेर साकोलीचं. मास्तरीण म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावरच्या एका लहान गावात. आसगावला बस सोडायची आणि पुढं धानाच्या बांध्यांमधून पायी जायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, तरी गावात वीज आली नव्हती. शाळेत आम्ही दोघंच, हेडमास्तर आणि मी.

गावाखाली नदीला उतार होता. तिथं तळ खडकाळ, पाणी उथळ. हिवाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येई. भोसल्यांच्या काळात इथं गोऱ्यांच्या फौजेशी लढाई झाली, असं गावात सांगत. आपली माणसं मागं हटत नदीपाशी आली. बायका, पोरं, जखमी आधी पलीकडे जावेत म्हणून काही जण अलीकडच्या काठावर पाय रोवून राहिले. "सारे पोचले का हाक मारा, मंग आम्ही येतो," असं ते म्हणाले होते. पलीकडे पोचलेल्यांनी भीतीपोटी हाक मारलीच नाही. तसेच पुढं पळाले.

हाकेची वाट पाहत अलीकडेच मेलेल्या त्या लोकांच्या आठवणीत हेडमास्तरांनी पलीकडच्या काठावर एक दगड बसवायचा घाट घातला. सातवीची मुलं झेंडा घेऊन उतारातून जाणार, तिथं भाषण, नमस्कार आणि परत. वाट दाखवायला डोंगा, म्हणजे लहान होडी, चालवणारा एक म्हातारा होता. गावात सगळे त्याला बाबाजी म्हणत. आदल्या दिवशी तो शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"बाई, एक सांगून ठेवतो. पाण्यात असा का काठावर, हाक नोका मारू कोनाले."

"काहून?" मी विचारलं.

"आमच्यात मारत नाहीत," एवढंच म्हणाला.

सकाळी निघालो तेव्हा नदीवर धुकं दाटलं होतं. पुढं बाबाजी हातात बांबू घेऊन, मागं हेडमास्तर, मग मुलं, शेवटी मी. पाणी इतकं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. चार हातांवरचं दिसत नव्हतं.

काठावर चढल्यावर मी डोकी मोजली. एक कमी भरलं. बाबाजीचं बोलणं त्या क्षणी आठवलंच नाही. मी धुक्याकडे तोंड करून ओरडले, "मागं कोणी राहिलं का रे?"

"आहो आम्ही," उत्तर आलं. "येऊन राहिलो."

आवाज मोठ्या माणसाचा होता. एकाचा नव्हता.

तेवढ्यात माझा पदर कुणीतरी ओढला. कमी पडलेला मुलगा माझ्याच पाठीशी उभा होता, कुडकुडत. म्हणजे आमचे सगळे आले होते.

मग पाण्यात पावलं वाजायला लागली. खूप माणसं दमून, पाय ओढत पाण्यातून चालतात तसा आवाज. तो मधोमध आला आणि थांबला. हेडमास्तरांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. बाबाजी माझ्याजवळ आला.

"बाई, आता त्याईले 'या' म्हना."

"तुम्ही म्हणा ना बाबाजी."

"मी म्हनून चालत नाही. हाक तुमची होती."

पळून जावंसं वाटत होतं, खरं सांगते. पण मागं मुलं उभी होती आणि पुढं ते थांबले होते. मी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "या. सगळे पोचले. आता तुम्ही या."

पावलं पुन्हा सुरू झाली. काठाजवळ आली. मी डोळे घट्ट मिटले होते. उघडले तेव्हा मुलं आपोआप दोन बाजूंना सरली होती, मध्ये वाट ठेवून. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या वाटेनं ओल्या लोकरीचा, घोड्याच्या घामाचा वास गेला. मग काहीच नाही.

भाषण झालं नाही. "नमस्कार करा," एवढंच हेडमास्तर म्हणाले. परतताना त्यांनी मला समजावलं, "नदीवर आवाज फिरून येतो, बाई." मी मान हलवली. माझा आवाज कसा फिरून येतो ते मला माहीत होतं.

पुढच्या वर्षीही आम्ही गेलो. या वेळी धुकं नव्हतं, ऊन पडलं होतं. मुलं मोजून झाल्यावर बाबाजी हळूच म्हणाला, "एकडाव मारून पाहा, बाई."

मी हाक मारली. पाणी वाहत होतं. पलीकडे कुणाची तरी म्हैस रेकली. आम्ही बराच वेळ ऐकत राहिलो. मला हायसं वाटायला हवं होतं, पण डोळे भरून आले.

"गेले वाटते," म्हातारा म्हणाला. त्यानं धोतर वर खोचलं आणि बांबू टेकत मुलांना घेऊन पाण्यात उतरला.