वहीत चूक नाही, पेपर कोरा

चौथीतल्या सान्वीच्या गणिताच्या वहीत एकही चूक नव्हती. असणार कशी? तिची आई मृणाल डोंबिवलीच्या ऑफिसातून लोकलने दिव्याला घरी आली की पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी विचारायची, "आज काय दिलंय?" मग मायलेकी बसायच्या. पोरीची पेन्सिल जरा अडली की मृणाल उत्तर सांगून मोकळी.

आणि चाचणीत वीसपैकी सहा!

वर्गाच्या वैशाली टीचरनी शाळेत बोलावून घेतलं. "वही सुरेख आहे हो, पण पेपर अर्ध्याहून जास्त कोरा. अडली की दाराकडे बघत बसते. घरी गणितं सोडवतं कोण?"

मृणालचं डोकंच फिरलं. लक्ष दिलं नाही तरी पालकांनाच बोलणार, दिलं तरी पालकांनाच! "मी काय हौस म्हणून रोज मान मोडते का, टीचर?"

"तसं नाही. तिला जरा चुकू द्या."

तो सगळा राग घरी नवऱ्यावर निघाला. राकेश रिक्षा चालवायचा. आठवीतच शाळा सुटलेली. "आता तुम्हीच बसा हिच्याजवळ. मी हात जोडले!"

तो खरंच बसला. अपूर्णांक बघून म्हणाला, "सानू, हे वर-खाली आकडे कशाला? मला काय कळत नाय. तू सांग."

सान्वीने ताटातल्या भाकरीचे चार तुकडे केले. "एक घेतला तर एक छेद चार."

"आणि दोन घेतले तर?"

"दोन छेद आठ!"

"अगं, आठ कुठून आले?" मृणाल ओट्यापासून ओरडली. राकेशने हात वर केला, तशी ती ओठ आवळून गप्प झाली. सान्वी तुकडे पुन्हा पुन्हा मोजत राहिली. एवढ्या वेळात मृणालने पानभर गणितं उरकली असती!

"नाय पप्पा, तुकडे चारच आहेत ना? दोन छेद चार. म्हणजे अर्धी भाकरी!"

मग हे रोजचंच झालं. वहीत लाल गोल दिसू लागले. ते बघून मृणालचा जीव वर-खाली व्हायचा, पण ती गप्प राहायची.

पुढच्या चाचणीत चौदा आले. आनंद झालाच, तरी तिच्या तोंडून निघालंच, "सहा गेले कुठे?"

"बस इथे, सांगते," सान्वी म्हणाली. दोन-दोन मार्कांची तीन गणितं चुकली होती, ती तिने स्वतः सोडवून दाखवली, आणि मृणालला निमूट ऐकावं लागलं.