तीनदा विसळलेला डबा

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागेवरून उठतो आणि घरातल्या घरात फेऱ्या घालू लागतो. निवृत्तीनंतर बाकीच्या गुन्ह्यांचे नंबर विसरलो. हा एकच डोक्यातून जात नाही.

नांदेडला असताना एका वर्षी माझी नेमणूक मासेमारीबंदीच्या पथकावर झाली. मासे अंडी घालतात त्या दिवसांत विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या साठलेल्या पाण्यात जाळे टाकायला मनाई असते. पथक म्हणजे मी, दोन शिपाई, मत्स्यव्यवसाय खात्याचे एक निरीक्षक आणि मनात आले तरच चालू होणारे होडीचे इंजिन. ठाण्यातले सहकारी विचारायचे, "काय साहेब, आज कोणत्या माशाचा जबाब घेतला?" मी वरवर हसत असे, पण आतून जळफळाट व्हायचा. खून-दरोडे सोडून बारीक जाळी जप्त करत फिरणे मला कमीपणाचे वाटे. या कामातून लवकर सुटका व्हावी म्हणून मला एखादी चांगली केस हवी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या चुकीचे मूळ त्यातच आहे.

एका सकाळी काठाला मेलेले मासे लागले. अंड्यांनी पोट भरलेल्या रोहू आणि कटल्याच्या माद्या उताण्या तरंगत होत्या. त्या पाण्यावर पोट असलेल्या भोई कुटुंबांतल्या बायका घरात कोणी गेल्यासारख्या काठावर बसल्या होत्या.

दहाच्या सुमारास ठाण्यात फोन आला. करणारा काठावरचाच एक बागायतदार होता, गावातला वजनदार माणूस. त्याने नाव लपवले नाही.

"साहेब, त्या थोरल्या भोयाच्या होडीत फवारणीच्या औषधाचा डबा हाय. म्या माझ्या डोळ्यानं पाहिला. माझं नाव आलं तरी हरकत न्हाई."

निनावी फोनवर आम्ही पोलीस संशय घेतो. नाव सांगणाऱ्याला मात्र खुर्ची देतो.

ज्याच्याबद्दल फोन होता, तो त्या पाण्यावरचा सगळ्यात वयस्कर मच्छीमार. डबा त्याच्या होडीतच सापडला. पंच बोलावले, पंचनामा केला, पाण्याचे आणि माशांचे नमुने सील केले आणि म्हाताऱ्याला ठाण्यात आणले. चौकशीला तासभर लागेल असे धरून मी चहा सांगितला होता. चहा येण्याआधीच सगळे आटोपले.

"डबा कोणाचा?"

"माझा."

"नदीत धुतलास?"

"हाव साहेब. होडीतलं पानी उपसायला घेतला व्हता. तीनदा विसळला. वास काई जाईना, तरी म्या बिनडोकानं तिथंच खंगाळला." त्याने दोन्ही हात पुढे केले. "माझ्याच हातानं झालं. सगळ्यायच्या पोटावर पाय दिला म्या. घाला बेड्या."

मी कागदावर 'विषप्रयोग' लिहिले. धुतला की ओतला, हा फरक मी कोर्टाच्या गळ्यात टाकला. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हे आम्हाला पाठ असते, पण आमच्या मनात ती चांगली चालते. वरिष्ठांचा फोन आला, शाबासकी मिळाली. म्हातारा मात्र कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला. जेवणाचे ताट दोन्ही वेळा तसेच परत आले. "सुटलो तरी आता पान्यावर जायचं न्हाई," एवढेच तो शिपायाला म्हणाला. होडी सोडली तर त्या माणसाजवळ दुसरे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात हजर करायचे होते. सकाळपासून मला चैन पडेना. कबुली इतकी स्वस्तात मिळाली होती की ती घेताना मी भावही केला नव्हता. तीनदा विसळलेल्या डब्याने एवढे मासे मरतील का? निरीक्षकांना विचारले. ते म्हणाले, "अहवाल येऊ द्या, मग सांगतो." अहवाल यायला कित्येक आठवडे लागत. मी जीप काढली आणि काठावर गेलो.

तिथे मासे पुरण्याचे काम चालू होते आणि नवे मेलेले मासे अजून वर येतच होते. बाजारात मासे विकणारी एक बाई विळी घेऊन बसली होती. म्हाताऱ्याशी तिचे जुने भांडण, दोघांचे बोलणेही बंद. अंडी किती वाया गेली ते बघायला तिने एक मादी चिरली. मग दुसरी चिरली, तिसरी चिरली.

"साहेब, हिकडं या," ती म्हणाली. "ह्यो आतला हवेचा फुगा बगा, फाटलाय. मनक्यापाशी रगत साकळलंय. इखानं मेलेला मासा असा नसतो. ह्यो बाराचा मासा हाय."

"नक्की?"

"जिंदगी गेली मासे कापन्यात. त्या म्हाताऱ्याचं तोंड बगत न्हाई मी, पर हे त्याचं काम न्हाई."

बार! पाऊस लांबल्यामुळे बागायतदाराच्या शेतात विहिरीचे काम अजून चालू होते. सुरुंगाचे बार रोजच उडत, म्हणून आदल्या पहाटे उडालेल्या बाराकडे कोणी लक्ष दिले नव्हते. मी तसाच त्याच्या घरी गेलो. अंगणात लातूरच्या नंबरची जीप उभी होती.

"पाहुणे आलेत वाटतं?" मी विचारले.

"हाव, व्याही आलेत. बसा ना साहेब, चहा ठेवतो."

"काल जेवायला काय केलं होतं?"

तो चहा सांगायला आत वळला.

"बंदीच्या दिवसांत मासे कुठून आणले?"

पाच मिनिटांत त्याचा सगळा रुबाब उतरला. "सुरुंगाची एक कांडी उरली व्हती साहेब, ती पान्यात टाकली. दोन-चार मासे निघतील वाटलं. सगळा थवाच तिथं असंल हे काय म्हाईत? लई मेले, मग मी घाबरलो." आणि डबा? तो त्यानेच चार दिवसांपूर्वी म्हाताऱ्याला दिला होता. अडीनडीला वस्तू देणारा माणूस वेळ आली की त्याच वस्तूकडे बोट दाखवतो, हे मी तिथे शिकलो.

त्याला घेऊन ठाण्यात आलो. कोठडी उघडून म्हाताऱ्याला सगळे सांगितले. त्याने मान हलवली. "मला सोडवाया बोलून राहिलेत तुमी." शेवटी त्या बाईला बोलावून त्याच्यासमोर एक मासा चिरायला लावला. त्याने फाटलेल्या फुग्यावरून बोट फिरवले, मणक्यापाशी दाबून पाहिले.

"एक बी मासा उघडून पाहिला न्हाई म्या," तो म्हणाला. "हात लावायचीच लाज वाटली. न्हाईतर तवाच कळलं असतं."

मीही एकही उघडला नव्हता. सीलबंद करून पाठवून दिले होते. मी त्याची माफी मागितली. नोकरीत आरोपीची माफी मी तेवढ्या एकदाच मागितली.

तो मला आशीर्वाद देईल असे कुठेतरी वाटले होते. तसे झाले नाही. तो उठला, धोतर सावरले आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून चिडून बोलला.

"मी भ्यालेला म्हातारा, साहेब. माझी अक्कल गेली व्हती. पर तुमी पोलीस ना? तुमी माझं ऐकलंच कसं?"

खोटे बोलणाऱ्याला कसे पकडायचे हे मला प्रशिक्षणापासून शिकवले होते. खरे बोलणारा माणूसही चुकतो, आणि अपराधाच्या ओझ्याखाली तर हमखास चुकतो, हे कोणी शिकवले नव्हते. पुढे कोणी पटकन कबुली दिली की मी पेन खाली ठेवत असे. त्या दिवशी मात्र मी नुसता बाजूला झालो आणि त्या म्हाताऱ्याला दार मोकळे करून दिले.