पऱ्हाटीच्या भिंती, वांग्यांचा दंड

आमच्या वस्तीला अख्खं अकोला 'डबा कॉलनी' म्हणायचं. ऑटोवाल्याला दुसरं काही सांगितलं तर तो गावभर फिरवून आणायचा. मला भारी राग यायचा. अरे, डब्यात तुम्ही राहता, चारी बाजूंनी सिमेंटच्या! आमच्या भिंती कपाशीच्या होत्या. कापूस वेचून झाल्यावर वावरात जी वाळकी पऱ्हाटी उभी राहते, एरवी चुलीत जाते, ती कुटून, दाबून तिच्या जाड पाट्या केलेल्या. त्या ट्रॉलीत यायच्या, लोखंडी सांगाड्यात बसवायच्या, नटबोल्ट आवळले की झालं घर. माणसं वाढली तर खोली जोडा, कमी झाली तर काढून शेजाऱ्याला द्या.

एका संस्थेनं बाळापूर रोडला अशी दहा-बारा घरं उभी केली होती, मधे सगळ्यांचा मिळून एक मोठा चौक. दोन-दोन घरांवर एक छत, आणि छतावर भाजीचे वाफे. आंघोळीचं, धुण्याचं पाणी कर्दळीच्या चरातून निथळून टाकीत यायचं, तेच पंपानं वर चढवायचं. अकोल्यात नळ कधी येईल ते नळालाच माहीत, पण आमच्या डोक्यावर उन्हाळ्यातही सांबार हिरवागार असायचा. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर.

मी खिडकीशी शिलाई मशीन चालवायची. नवरा मूर्तिजापूरला एका दुकानात नोकरीला, रोज जाऊन-येऊन. आमच्या छताच्या दुसऱ्या अर्ध्या भागाखाली भाभी राहायची. तिचा नवरा वेल्डिंगचं काम करायचा. भाभी बोलायला लागली की अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी, आणि आवाज असा की चौकातली कुत्री उठून बसायची.

ती वर्षं वाईट होती. कपाशीवर अळी, पावसाचा नेम नाही, भाव नाही. गावाकडून अवेळी फोन आला की घरोघर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची, आज कोणी जीव दिला म्हणून. सासूबाई गेल्यावर माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, हिवरखेडला एकटेच राहिले. त्यांच्यावर कोणाचा तगादा नव्हता, वावर पुतण्याला बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेलं होतं. पण ते बोलायचे बंद झाले. ओसरीवर बसले की दिवसभर बसूनच. नवरा म्हणाला, "बाप तिथं एकटा नाई राह्यला पाह्यजे," आणि जाऊन घेऊन आला.

मामाजींनी आल्या आल्या भिंतीवर बोटानं ठोकून पाहिलं. मी कौतुकानं सांगितलं, पऱ्हाटीची आहे म्हणून. म्हणाले, "म्हंजे तुमी चुलीत राहून राहिले." मी हसले, कारण किती दिवसांनी ते काही बोलले होते. पण त्यांची कपड्यांची थैली काही त्यांनी रिकामी केली नाही. दाराजवळच्या खुंटीवर लटकवून ठेवली. धोतर काढायचं ते थैलीतून, धुऊन वाळलं की परत थैलीत. मी कपाटात जागा करून दिली तर म्हणाले, "राहू दे बाई, मी पाहुणा." ती थैली दिसली की मी आधी मामाजी घरात आहेत ना ते पाहायची.

छतावरच्या वाफ्यांत संस्थेनं नारळाचा भुसा आणि गांडूळखत भरून दिलं होतं. हलकं असतं म्हणून. काळी माती छतावर न्यायची नाही, हे त्यांनी इतक्यांदा बजावलं होतं की पोट्ट्यांनाही पाठ झालं होतं. मामाजींनी तो भुसा मुठीत घेतला आणि फुंकून उडवला. "याच्यात का पिकते? म्हशीचं बी पोट नाई भरत यानं."

वैशाखात ते एका लग्नाला हिवरखेडला गेले आणि परत आले ते टेम्पो घेऊन. टेम्पोत आपल्या वावरातली काळी माती. आता कोणीतरी अडवायला पाहिजे होतं की नाही? छे! सगळी कॉलनी टेम्पोभोवती. सगळीच गावाकडून आलेली माणसं, माती पाहून अशी पाघळली की विचारू नका. कोणी वास घेतं, कोणी ढेकूळ फोडून पाहतं. वेल्डिंगवाला स्वतः खांद्यावर पोती घेऊन वर चढला. भुसा खाली फेकला, माती वर भरली. पुण्याचा माणूस ही चूक करणार नाही. ही चूक करायला वऱ्हाडीच पाहिजे.

मामाजींनी वांगी लावली. दिवसातून दहादा वर जायचे. जेवायला दोन घास जास्त घ्यायला लागले. मला वाटलं, लागला माणूस मार्गी.

मग आषाढात झड लागली. काळी माती पाणी प्यायला लागली की थांबते का? ती फुगली. वाफ्यांच्या फळ्या फाकल्या, पाणी जायची भोकं बुजली, आणि एका दुपारी भाभीच्या घराकडून कर्रर्र असा आवाज आला. तिच्या स्वयंपाकघरावरचं छत हातभर खाली आलं होतं. दार चौकटीत गच्च बसलं, भाभी आत. तिच्या नवऱ्यानं खिडकी उचकटून तिला बाहेर काढलं. लागलं कोणालाच नाही, देवाची कृपा.

मी घरात वळून पाहिलं तर मामाजींनी थैली खुंटीवरून काढली होती. "उद्या सकाळच्या गाडीनं जातो बाई. माह्यापायी लोकाईचे घरं पडून राहिले." आवाज अगदी शांत. मला तो शांतपणाच सोसेना. रडले असते, चिडले असते तर मी निभावलं असतं.

तेवढ्यात चौकात माणसं जमली, वेल्डिंगवाला पुढे. मला वाटलं, आले भांडायला. मी पावसात बाहेर आले आणि सुटले, "खबरदार माह्या सासऱ्याले कोणी बोललं तर! वास घेत होते तवा कुठी गेलती तुमची अक्कल? पोती कोणी वाह्यली?" बरीच बोलले. वेल्डिंगवाला ऐकून घेत उभा राहिला. मलाही तो भाभीच म्हणायचा. म्हणाला, "भाभी, पहले घमेलं आणा. भांडण नंतर करू."

ते माती उतरवायला आले होते बाप्पा! मी ओशाळून घमेलं आणलं. चौकातल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी रांगेत उभं राहिलं. घमेली हातोहात खाली आली आणि चौकाच्या मधोमध मातीचा ढीग झाला. वेल्डिंगवाल्यानं आमच्या दोन घरांमधल्या भिंतीचे बोल्ट सोडले, पाट्या काढून बाजूला टेकवल्या. भाभीचं बिऱ्हाड आमच्यात आलं. घरं नटबोल्टची असल्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

सकाळी मामाजी थैली घेऊन निघालेच. नवरा हात धरतोय, मी विनवतेय, ते ऐकेनात. तर भाभी दारात आडवी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"मामाजी, माहं किचन तोडून कुठी चालले? दंड कोन भरीन?"

मामाजींचा चेहरा उतरला. "काय देऊ माय?"

"चौकात माती पडून हाये. वांगे लावा. मले रोज भाजी पाह्यजे. दंड फिटेपर्यंत हिथून हालायचं नाई."

त्यांनी तिच्या खांद्यावरून त्या ढिगाकडे पाहिलं. मग थैली खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, "खुरपं हाये का घरात?"

छत पुढच्याच आठवड्यात सरळ झालं, भिंत परत बसली, छतावर पुन्हा भुसा आला. चौकात मात्र वांगी, भेंडी, अंबाडी. मामाजी रोज सकाळी भाभीच्या ओट्यावर भाजी ठेवायचे आणि विचारायचे, "फिटला का वो दंड?" भाभी आतून ओरडायची, "अभी कहाँ!" असं किती वर्षं चाललं. हिवरखेडला एखाद्या कार्याला गेले आणि लोकांनी राहायचा आग्रह केला, तर म्हणायचे, "नाई बाप्पा, माहा दंड बाकी हाये," आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यांची धोतरं कधी माझ्या कपाटात आली ते मला कळलंही नाही. त्याच कपाटातलं धुतलेलं धोतर नेसून, पिकल्या वयात, पोरानातवंडांच्या देखत ते गेले.

ते गेल्यावर मी एकदा भाभीला विचारलं, "तुझं घर मोडलं, तुले राग कसा नाई आला वो?"

"गुस्सा तो बहुत आया था," ती म्हणाली. "पन त्याईच्या हातात थैली पाह्यली. माह्या अब्बानं बी अशीच थैली भरली होती, गावी जातो म्हणून. आमी जाऊ देलं. आठ दिवसांनी फोन आला."

इतक्या वर्षांत तिनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी तिचा हात धरून तिथेच ओट्यावर बसले, जिथे मामाजी रोज वांगी ठेवायचे.