इंग्लिश बंद असलेलं घर

मुलीचं शाळेतलं आयरिश कच्चं होतं आणि आमची त्यात काडीची मदत होत नव्हती. मी डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात सॉफ्टवेअर तपासते, नवरा औषधांच्या प्लँटमध्ये. आयरिशचा गृहपाठ आला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. म्हणून या उन्हाळ्यात स्पेनचा बेत रद्द करून आयर्लंडच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात गेलो. तिथे लोक रोजच्या व्यवहारात अजून आयरिशच बोलतात. आठवडाभर सकाळी मुलांचे आणि पालकांचे वेगळे वर्ग, दुपारी समुद्र, राहणं गावातल्याच एका बाईंच्या घरी. वर्गातला नियम घरातही होता: इंग्लिश बंद.

मला खरी काळजी आयरिशची नव्हतीच. आमच्या पोरीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते अस्सल डब्लिनच्या हेलातल्या इंग्लिशमध्ये. साताऱ्याच्या माझ्या आईला इंग्लिश येत नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दोघी एकमेकींना हात हलवतात आणि मी मध्ये दुभाषी. नुसत्या हात हलवण्यावर हे नातं किती टिकणार, हे मला फार खुपायचं. त्यात आता आयरिश, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

पहिल्या संध्याकाळी जेवायला आमच्याबरोबर कॉर्क शहरातलं एक आयरिश कुटुंब होतं. इंग्लिश बंद म्हणजे त्यांचं तोंडच बंद. बाप मिठासाठी हातवारे करत होता. आमच्या पोरीनं सूप ढवळलं, आयरिश शब्द शोधला, तो काही सापडला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मला हे सूप नको. पोट फुल आहे."

माझा चमचा हातातच राहिला. घरच्या बाईंनी ही कुठली भाषा म्हणून आयरिशमध्ये विचारलं. नवऱ्यानं जमेल तसं सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि वाडगा उचलून नेला. इंग्लिश नव्हतं, म्हणजे नियम मोडला नव्हता.

पोरीनं हे बरोबर हेरलं. पुढे आठवडाभर आयरिश अडलं की ती मराठीत घुसायची. वाक्यं उलटीसुलटी, पण थांबायची नाही. मी एकही चूक सुधारली नाही. माझ्या स्वभावाला ते जड गेलं.

निघायच्या दिवशी तिथल्याच स्वयंपाकघरातून आईला फोन लावला. बाई शेजारीच भांडी विसळत होत्या, म्हणजे नियम लागू. मी सवयीनं पुढे सरसावले, पण माझी गरज पडली नाही.

"आजी, मी समुद्रात गेले. पाणी खूप थंड आहे. बाबा घाबरला."

आई म्हणाली, "अगंबाई, तुला बोलता येतं होय गं?"

"इथे इंग्लिश बोलायचं नाही," नातीनं समजावलं. "इथे असा रूल आहे."

"आणि घरी कधी जाणार तुम्ही?"

"आता. बाबा बॅगा गाडीत ठेवतो."

"मग गाडीत बसायच्या आधी अजून थोडं बोल माझ्याशी," आई म्हणाली.

पोरीनं खुर्ची ओढली आणि समुद्राचं पहिल्यापासून सांगायला बसली. मी बाहेर जाऊन नवऱ्याला म्हटलं, बॅगा सावकाश भर.