सर्जेराव पाणी पिऊन गेला

“पाणी पाजा रे! अजून पाजा! ऊन लागलंय त्याला!” मी ओरडत होतो. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात, पोत्यांच्या थप्पीला टेकवलेला माझा तीस वर्षांपासूनचा मित्र सर्जेराव ओकत होता, मला ओळखत नव्हता, आणि मी त्याच्या तोंडाला तांब्या लावत होतो... महिना झाला. अजून खरं वाटत नाही.

धावड्याच्या एका लग्नात, उन्हातून आल्यावर, त्यानं लागोपाठ तीन तांबे पाणी प्यायलेलं मी पाहिलं होतं. तीनच. परतीच्या जीपमध्ये सांगता सांगता मी त्या तीन तांब्यांची घागर केली, गावात शिरेतो हंडा. आणि पुढच्या साली घनसावंगीत सांगत होतो, सर्जेराव विहिरीत वाकला की बेडकं बिऱ्हाड आवरायला लागतात! तो मिशीत हसायचा. कधी ‘न्हाई’ म्हणाला नाही. आमच्याकडं टँकर आला की भांडणं होतात. तिथं पाण्याचा पहिलवान म्हणजे केवढा मान!

त्या दुपारी गाडीत पोती चढवून तो घामानं निथळत होता. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला मी माझी गोष्ट रंगवून सांगितली. तो म्हणाला, “लई फेकू नका राव.”

झालं! “सर्जा, दाखव रे ह्याला!”

“तू सांगून बसला, मंग प्यावंच लागंल की,” म्हणत त्यानं थंड पाण्याचा जार ओढला. अर्धा जार संपला तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी माझीच होती. थोड्या वेळानं तो डोकं धरून बसला. मग भलतंच बडबडणं, मग ओकाऱ्या... मला वाटलं, ऊन. मी अजून पाजलं.

जालन्याला नेताना जीपमध्येच त्याला झटके आले. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मान हलवली. ऊन लागलं म्हणून पाणी पाजलं, असं मी सांगताच त्यांनी विचारलं, “किती पाणी प्याले होते?” आयुष्यात पहिल्यांदा मी न वाढवता सांगितलं. ते म्हणाले, घामाबरोबर मीठ जातं. मूत्रपिंडं तासाभरात ठरावीकच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त आलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो. आणि कवटीत सुजायला जागा नसते.

“पाण्यानं?” मी विचारलं.

“पाण्यानंच.”

तेराव्यानंतर वहिनींसमोर जाऊन बसलो. त्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या. म्हणालो, “वहिनी, आईशप्पथ, मला वाटलं त्याला तेवढ्या पाण्याची सवय हाये.”

“न्हाई भावजी,” त्या म्हणाल्या, “घरी त्यांना जेवताना अर्धा गिलास पुरायचा.”