साडेसहाशे शहरी

सौदीत टॅक्स नसतो असं छातीठोकपणे सांगणारा माणूस नाशिकमध्ये गल्लोगल्ली सापडतो. अशा प्रत्येकाला अनुराधा खैरनारसमोर तासभर बसवावं. बाई आवाज चढवणार नाहीत. वही उघडतील, पट्टी लावून आखलेले रकाने दाखवतील, आणि तासाभराने तो माणूस पाणी मागेल.

अनुराधाने अकरा वर्षं महापालिकेच्या घरपट्टी विभागात काढली. वरचा मजला लपवणारे बंगलेवाले, भाडेकरूला भाचा म्हणून दाखवणारे दुकानदार, बिल हातात पडताच आजारी पडणारे सोसायटीचे चेअरमन, सगळे तिने पाहिले होते. रस्त्याने जाता जाता बाहेरून घर बघितलं तरी तिला त्याचं क्षेत्रफळ आणि थकबाकी दोन्ही दिसत. नोकरी कायम होती. ती तिने एका शब्दापायी सोडली.

तो शब्द होता ‘फॅमिली स्टेटस’. तिचा नवरा शिरीष इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. तेल कारखान्यांची कामं घेणाऱ्या एका कंपनीने मुंबईत मुलाखती घेतल्या, तेव्हा टेबलापलीकडे एचआरचा सुशांत बसला होता, पुण्याचा. शिरीषला पत्र देताना तो अनुराधाला म्हणाला, “फॅमिली स्टेटस आहे, वहिनी. तुम्ही फक्त बॅगा भरा.” पत्रातही तसंच छापलं होतं. वहिनींनी राजीनामा दिला, तन्वी आणि आदित्यचे शाळेचे दाखले काढले आणि बॅगा भरल्या.

पहिले आठ महिने दम्मामला कंपनीच्या फ्लॅटमध्ये बरे गेले. खालचा किराणावाला केरळचा, शाळा भारतीय, शेजारी लखनौचे. हिंदीवर सगळं भागत होतं, त्यामुळे अरबी शिकायची तिला गरजच पडली नाही. मग तिथलं काम संपलं आणि कंपनीने फ्लॅट काढून घेतला. शिरीषला सांगण्यात आलं की रास तनुरा किंवा तबूक, दोन्हीकडे कामं आहेत, हवं ते निवडा. पगार दोन्हीकडे तोच, घरभाडं धरून साडेसात हजार रियाल. घर ज्याचं त्याने शोधायचं.

आता ही निवड म्हणजे औदार्य, असा शिरीषचा समज झाला. अनुराधाचा झाला नाही. समुद्रकाठी रास तनुऱ्याला, रिफायनरीच्या गावात, घरं महाग, वाळवंटापलीकडे तबूकला स्वस्त, आणि कंपनी दोन्हीकडे एकच भत्ता देते, म्हणजे फरक कोणाच्या खिशातून जातो हे कळायला घरपट्टीत नोकरी करावी लागत नाही. पण तिने ते बोलून दाखवलं नाही. तिने वही काढली.

डावीकडे रास तनुरा, उजवीकडे तबूक. भाडं, शाळा, शाळेची बस, किराणा, गाडीचं पेट्रोल, नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता, सासू-सासऱ्यांना पाठवायचे पैसे. शेवटी एक ओळ होती, माणशी भरायच्या फीची. या देशात घरावर पट्टी नाही, पण परदेशी नोकरदाराने बायको-मुलं सोबत ठेवली तर दर डोक्यामागे महिन्याला चारशे रियाल सरकारला भरायचे असतात. अनुराधाला हे ठाऊक होतं. पहिल्या वर्षाची फी कंपनीने भरली होती. फॅमिली स्टेटस म्हणजे हेच, असं धरून तिने दोन्ही रकान्यांत शून्य घातलं.

रास तनुऱ्याच्या रकान्यात वर्षाअखेर हजार रियाल कमी पडत होते. तबूकसाठी नक्की आकडा हवा होता. लखनौच्या शेजाऱ्यांनी तबूकच्या नसरुद्दीनभाईंचा नंबर दिला. हे रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं तिथे प्लंबिंगच्या सामानाचं दुकान. फोनवर मराठी ऐकून अनुराधाला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं, आणि घात झाला तो तिथेच.

“ताई, घर बेस हाय,” नसरुद्दीनभाई म्हणाले. “भाडा वर्षाचा एकोणीस हजार. वर खिदमात साडेसहाशे शहरी.”

“खिदमात म्हणजे?”

“पाणी, लिफ्ट, साफसफाई. सगळा त्यातच.”

“आणि शहरी आहे म्हटल्यावर भरावीच लागेल.”

“होय तर. ती भरूकच होवी.”

अनुराधाने लिहिलं, शहरी सेवाकर, ६५०. अकरा वर्षं तिने शहरी आणि ग्रामीण अशा दोन फायली हाताळल्या होत्या. शहरात राहायचं तर शहराचा आकार द्यायचा, वर्षातून एकदा, यात तिला विचारण्यासारखं काही दिसलं नाही. उलट साडेसहाशे फारच वाजवी वाटले. तबूकच्या रकान्यात वर्षाचे नऊ हजार तीनशे पन्नास शिल्लक राहत होते. चौघांची सुट्टीची तिकिटं त्यात बसत होती. तिने त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि शिरीषला म्हणाली, “तबूक.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत सामान हललं. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं, साडेसहाशेही दिले. हवा दम्मामपेक्षा कोरडी होती, आदित्यचा खोकला थांबला. सगळं ठीक चाललेलं असताना दुसऱ्या महिन्यात इमारतीच्या रखवालदाराने बेल वाजवली आणि पुन्हा साडेसहाशे मागितले. हा चितगावचा वयस्क माणूस, हिंदी मोडकी.

“पिछली बार दिया ना,” अनुराधाने पावती दाखवली.

“वो मोहर्रम का, मैडम. अभी सफर का.”

“सफर नहीं किया अभी. एक ही बार आए दम्माम से.”

त्याने कपाळावर हात मारला. पावतीवरच्या अरबी अक्षरांवर बोट ठेवून तो म्हणाला, “शहरी. शहरी. एक शहर, दो शहर, तीन शहर.”

“शहर ही तो है. गाँव किसने बोला?”

तन्वी आतून हसत बाहेर आली. शाळेत तिला अरबी विषय होता. “आई, शहर मीन्स मंथ,” ती म्हणाली. “मोहर्रम, सफर, दे आर मंथ्स. एव्हरी मंथ देना है.”

अनुराधाने रखवालदाराला पैसे दिले आणि दार लावून घेतलं. वर्षाचे सात हजार आठशे. तिच्या हिशेबात सात हजार दीडशेची चूक, आणि ती कोणी केली, तर लोकांच्या चुका शोधून त्यांना दंड लावणाऱ्या बाईने. लाजेने तिचे कान तापले. तिने नसरुद्दीनभाईंना फोन लावला. ते आधी हसले, मग त्यांना कळलं.

“या अल्ला. ताई, माझीच चूक. हय ऱ्हावन ऱ्हावन तोंडात तोच शब्द बसलाय. मराठीत त्याचा काय होता ता माझ्या ध्यानातच नाय. पहिल्या साली निम्मा मी भरतो.”

“तुमची काही चूक नाही, भाई. विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. भरणार मीच.”

खरोखरच तिने भरले. हे इथे मुद्दाम सांगायचं, कारण पुढे ज्या माणसांशी गाठ पडणार आहे त्यांना हे जमलं नाही. संध्याकाळी शिरीष साइटवरून आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता एवढंच म्हणाला, “अकरा वर्षं घरपट्टीत होतीस तू.” ते तिला झोंबलं. पण तिने बाजारातून कोंबडीऐवजी मसूर आणायला सुरुवात केली, एसी एकाच खोलीत लावला, आणि तिकिटांचा विषय बंद केला. वर्षाअखेर बावीसशे उरत होते. चौघं एकत्र होती, मुलं शाळेत रुळली होती. तेवढ्यावर निभावलं असतं.

इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची मुदत संपायला दीड महिना उरला तेव्हा शिरीषला कंपनीचा मेल आला. कुटुंबाची फी, तीन माणसांची वर्षाची चौदा हजार चारशे रियाल, कर्मचाऱ्याने स्वतः आणि एकरकमी भरावी, त्याशिवाय कुटुंबाचे परवाने नूतनीकरणाला जाणार नाहीत. कळावे.

कळावे म्हणे. अनुराधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिरीष म्हणाला, आपण विनंती करू. ती म्हणाली, विनंती कसली करतोस, पत्र घे. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासोबत साइट ऑफिसला गेली. बदलीवर तबूकलाच आलेला सुशांत तिथे कंटेनरच्या खोलीत बसला होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

“सुशांतभाऊ, हे तुमचं पत्र. यात फॅमिली स्टेटस लिहिलंय.”

“बरोबर आहे, वहिनी.”

“मग फी आम्ही का भरायची?”

सुशांतने पत्र हातात घ्यायचीही तसदी घेतली नाही. “फॅमिली स्टेटस म्हणजे फॅमिली आणायला कंपनीची परवानगी. खर्चाचं कुठं लिहिलंय? पहिल्या वर्षी भरली ती सवलत होती.”

“मुंबईत तुम्ही म्हणालात, फक्त बॅगा भरा.”

“म्हणालो असेन. बोलण्यात माणूस काय काय बोलतो.”

“त्या बोलण्यावर मी कायमची नोकरी सोडली.”

“वहिनी, समजून घ्या. ही वरून आलेली पॉलिसी. माझ्या हातात काही नाही.”

तिच्या समोर आयुष्यभर माणसं येऊन हेच सांगत आली होती, माझ्या हातात काही नाही. पण ती थकबाकीदार असत, आणि बिल तिच्या हातात असे. इथे थकबाकीदार खुर्चीत रेलून बसला होता आणि बिलही त्यानेच तिला दिलं होतं.

“भाऊ, गेल्या महिन्यात मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला,” ती म्हणाली. “सात हजारांना पडला. माझी चूक होती, मी भरते आहे. तुमच्या शब्दाचा अर्थ तुम्हाला मुंबईतही माहीत होता. लोक इथवर येईपर्यंत तुम्ही तो वेगळा सांगता, आणि आल्यावर वेगळा. मग पैसे आम्हीच का भरायचे?”

शिरीषने टेबलाखालून तिचा हात दाबला. त्याची नोकरी होती. सुशांतने चहाचा कप बाजूला सरकवला. मग आवाज उतरवून म्हणाला, “एक सांगू? शिरीषला कंपनीच्या कामगार-कॅम्पमध्ये बेड देतो, जेवणासकट फुकट. तुम्ही मुलांना घेऊन नाशिकला जा. एकेरी तिकिटांचं मी बघतो. बरेच जण हेच करतात, वहिनी.”

बरेच जण हेच करतात, हे त्याने धीर द्यायला सांगितलं. अनुराधाला त्यातून एवढंच कळलं की ही सापळ्याची जागा सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी तो उघडाच ठेवलेला आहे. किती वहिन्या या खुर्चीवर बसून हा चहा पिऊन गेल्या असतील, कोण जाणे.

घरी येऊन तिने पुन्हा वही काढली. तबूकच्या रकान्यातलं शून्य खोडून चौदा हजार चारशे घातले, बारा हजार दोनशेची तूट आली. रास तनुऱ्याच्या रकान्यातही घातले, तिथे तूट आणखी मोठी. म्हणजे गाव कुठलंही निवडलं असतं तरी हेच होणार होतं. शहरी शब्द कळला असता तरी हेच. इतके दिवस मसूर शिजवताना ती स्वतःला दोष देत होती, त्याची आता तिला चीड आली. तिने शिरीषला हाक मारून दोन्ही आकडे दाखवले. त्याने ते वाचले आणि म्हणाला, “त्या दिवशी मी बोलायला नको होतं.”

मग तिने तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, नाशिक. भाडं नाही, फी नाही, शिरीषचं जेवणखाण कंपनीकडे. बेरीज भराभर होत गेली आणि शिल्लक एवढी मोठी आली की तिचा विश्वास बसेना. चूक सापडावी म्हणून तिने तीन वेळा तपासलं. एकही चूक नव्हती. माणसं वेगळी केली की हिशेब चोख बसत होता. कुठल्याच हिशेबाचा तिला जन्मात एवढा संताप आला नव्हता.

तन्वीने दारातून विचारलं, “आई, सो विच सिटी आर वी चूझिंग?”

“बाबा तबूक,” अनुराधा म्हणाली. “आपण नाशिक.”

तन्वीने वहीत डोकावून पाहिलं आणि ती आत गेली.

आगाऊ दिलेलं उरलेलं भाडं बुडालं. घरमालकाने हात वर केले. नसरुद्दीनभाई आपल्या पिकअपमधून फ्रिज आणि पलंग घेऊन गेले, गिऱ्हाईक शोधून पैसे पोचते करतो म्हणाले, आणि चार दिवसांत केलेही. निघण्याआधी एकच काम उरलं होतं, कॅम्पमधल्या बेडसाठीच्या अर्जावर सही. शिरीषसोबत ती पुन्हा त्या कंटेनरमध्ये गेली.

सुशांतने अर्ज आधीच टाइप करून ठेवला होता. शिरीषने सही करायला पेन उचलला तसा अनुराधाने कागद आपल्याकडे ओढला. कुटुंब परत पाठवण्याचं कारण, या ओळीपुढे इंग्रजीत छापलं होतं, वैयक्तिक.

“हे कोणी लिहिलं?” तिने विचारलं.

“सगळ्यांच्या अर्जात तेच असतं, वहिनी. फॉर्मॅलिटी आहे.”

तिने शिरीषच्या हातातून पेन घेतला. छापलेल्या शब्दावर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली आणि शेजारी स्वच्छ मराठीत लिहिलं, कंपनीने दिलेला शब्द पाळला नाही. मग पेन शिरीषला दिला. शिरीषने एकदा सुशांतकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि खाली सही केली.

सुशांतने अर्ज फिरवून आपल्यासमोर घेतला. ती ओळ वाचायला त्याला नको तितका वेळ लागला. “हे इथं कोण वाचणार, वहिनी?” तो म्हणाला.

“तुम्ही वाचलंत की.”

त्याने मान वर न करता शिक्का मारला.