रिपोर्टमधून गाळलेले महिने

डॉ. मृणालचा केस रिपोर्ट दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा ती रडायच्या बेतात होती आणि मी वैतागायच्या. बोईसरच्या ज्या हॉस्पिटलात ती शिकाऊ डॉक्टर आहे, तिथे मी निवृत्तीनंतर अशा मुलांना लिहायला मदत करते. केस रिपोर्ट म्हणजे एका पेशंटच्या आजाराची हकिगत, इतर डॉक्टरांच्या उपयोगी पडावी म्हणून मेडिकल जर्नलमध्ये छापलेली. मुलांना मात्र तो स्वतःच्या हुशारीचा दाखला वाटतो.

पेशंट दातिवऱ्याच्या, मासळी विकणाऱ्या एक ताई. पेशंटचं नाव छापायचं नसतं, म्हणून इथेही ताईच म्हणते. मासळी साफ करताना त्यांच्या बोटात काटा गेला. बोट सुजलं, गाठी हातावर चढत गेल्या. टीबीच्या जंतूचा एक भाऊबंद पाण्यात, मासळीवर असतो, त्याचा हा प्रताप. मृणालने तो शोधला, औषधं दिली, बोट वाचलं. रिपोर्ट इतका गुळगुळीत होता की मलाच संशय आला. जर्नलच्या रिव्ह्यूअरनेही, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाने, एवढंच विचारलं होतं, यात नवीन काय?

छापायला पेशंटची लेखी संमती लागते. ताई तपासणीला आल्या तेव्हा मी मृणालला म्हटलं, नुसती सही घेऊ नकोस, मराठीत सांग काय लिहिलंयस. तिने सांगितलं. पेशंट आली, शंका आली, गाठीचा तुकडा तपासला, निदान झालं. ताईंनी पेन खाली ठेवलं.

"मंग दिवालीपासून शिमग्यापरयंत मी कोनाकडं येत होती?"

मृणालचा चेहरा उतरला. ते सगळे महिने तिने साध्या जखमेची औषधं दिली होती आणि रिपोर्टमधून ते अलगद गाळले होते. मला राग आला, आणि खरं सांगते, आनंदही झाला. एवढी हुशार मुलगी जिथे चुकली, तिथे बाकीचेही चुकणार. हेच तर छापायला हवं होतं.

विभागप्रमुख ऐकेनात. आपल्याच हॉस्पिटलची चूक चव्हाट्यावर मांडायची? सहलेखक म्हणून त्यांचंही नाव होतं, त्यांच्या होकाराशिवाय रिपोर्ट जाणार नव्हता. मी परोपरीने समजावलं. शेवटी मृणालच बोलली, जिचा आवाज राउंडला कधी ऐकू येत नसे.

"सर, मी काट्याचं विचारलंच नाही. पुढच्याने विचारावं म्हणून लिहितेय. तेवढं गाळायचं असेल तर माझं नाव काढा."

सरांनी रिपोर्ट पुढे ओढून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "पाठवा."

ताईंनी नवा मजकूर ऐकून सही केली. या वेळी रिपोर्ट पहिल्या फटक्यात स्वीकारला गेला. मी अख्ख्या विभागाला पेढे वाटले, सरांना दोन.

परवा ओपीडीत एक खलाशी सुजलेलं बोट घेऊन आला. नव्या इंटर्नने नावाच्याही आधी विचारलं, "मासळीचा काटा लागलेला का?" तुकडा त्याच दिवशी तपासायला गेला.

केस रिपोर्टमध्ये लिहिणारा हुशार दिसला नाही तरी चालतं. वाचणारा झाला की पुरे.